दोनदा विणलेला स्वेटर

“कुणी शिवली ही बटणं? सुपड्या, मी तुला विचारतेय! कुणी शिवली?”

एस्तेरअक्का माझ्या दुकानात उभी राहून ओरडत होती. तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून तुम्ही इतके निवांत बसून वाचताय. फळीवरचे लोकरीचे गुंडे आपण होऊन दोन बोटं मागे सरकले. समोरच्या धुडकूच्या टपरीवर उतू चाललेलं दूध खाली बसलं. मालेगावकडे निघालेला एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने खाली वाकून “माझं काही चुकलं का?” असं विचारलं, हे मात्र मी नंतर जोडलेलं आहे. पण इतक्या जणांना सांगितलं की आता मलाही तो ड्रायव्हर आठवतो. लाल मफलर होता त्याचा.

“मीच शिवली, अक्का,” मी छाती फुगवून म्हणालो. “हत्तीने ओढली तरी तुटायची नाहीत.”

अक्काने बटणाखालचा दोरा चिमटीत धरला, नखाने खरवडला आणि डोळे मिटले.

“लिनन,” ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता आणि खरी भीती मला तेव्हा वाटली. “जवसाच्या खोडाचा धागा. पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये हाच दोरा सुईत ओवून डॉक्टरांच्या हातात दिलाय मी. आतल्या बाजूलाही हाच घातलास?”

आतही तोच घातला होता. स्वेटरच्या आतल्या बाजूने रंगीत लोकरीचे सुटे धागे लोंबत होते. घालताना बोटं अडकतील म्हणून मी ते सगळे बारीक टाक्यांनी टाचून टाकले होते. दोन दिवस मान मोडून. पुस्तकं बांधणाऱ्या रशीदमामूंकडून खास मागून आणलेल्या दोऱ्याने. अक्काने मला फक्त बटणं निवडून ठेवायला सांगितली होती. शिवायला कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाच्या अंगात एकदा प्रेम आलं की तो सांगितलेलं सोडून बाकी सगळं करतो.

अक्का स्टुलावर बसली. ती बसली म्हणजे काहीतरी भयंकर झालं होतं, कारण माझ्या दुकानात ती कधी बसत नसे.

हे भयंकर किती होतं ते कळायला आधी अक्का कळायला हवी. आणि अक्का पूर्ण कळलेला माणूस धुळ्यात अजून जन्माला यायचा आहे, जरी जन्माला आलेल्यांपैकी निम्मे तिच्याच हातात आले असले तरी.

एस्तेर नागावकर. उंची माझ्या काउंटरएवढी, वजन दोन लोकरीच्या पोत्यांइतकं, तेही भरलेल्या नव्हे. दवाखान्यात सिस्टर होती, आधी बाळंतिणींच्या वॉर्डात, मग थिएटरमध्ये. जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती स्वतः विणलेली टोपी घालायची. निवृत्त झाल्यावरही टोप्या चालूच. आज आग्रा रोडवर उभे राहा आणि पन्नाशीच्या आतला कोणताही माणूस थांबवा, मग तो नगरसेवक असो की पाकीटमार, त्याच्या डोक्यावरची पहिली टोपी अक्काची असते. माझीही. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून मला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. दुकानाच्या पाटीवर मी वेगळं, भारदस्त नाव रंगवून घेतलं. अक्काने ते एकदाच वाचलं, “हा कोण?” म्हणाली आणि पुन्हा कधी वर पाहिलं नाही.

अक्का यहुदी. बेने इस्राएल. तिचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून उतरले, तिथे तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. वडील रेल्वेत लागले आणि बदली होऊन खान्देशात आले, ते इथेच राहिले. हे सगळं अक्काने आयुष्यात किती वेळा सांगितलं असेल! कारण नाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला.

“म्हणजे ख्रिश्चन का तुम्ही?”

“नाही.”

“मग पारशी?”

“नाही. यहुदी. ज्यू.”

“अच्छा अच्छा,” समोरचा म्हणायचा, “म्हणजे ख्रिश्चनच.”

अक्का चिडायची नाही. टाका सुलट असेल तर उलट घालायची, उलट असेल तर सुलट, आणि पुढे जायची.

तिच्या घराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक छोटी तिरपी डबी ठोकलेली होती. मेझुझा. आत कातड्यावर लिहिलेली प्रार्थना. येताजाता ती त्या डबीला बोटं लावून ओठांना लावायची. तिचा हात इतका सरावलेला की माझ्या दुकानात शिरतानाही तो चौकटीवर त्याच जागी जायचा, जिथे काहीही नव्हतं. पुढे पुढे तिथला रंग गुळगुळीत झाला. मग तिच्यामागून येणाऱ्या बायकाही तिथे हात लावून आत येऊ लागल्या. एकीने मला विचारलं, “भाऊ, कोणता देव शे हाऊ?” मी म्हणालो, “लोकरीचा.” तिच्या नवसाला पावला म्हणे.

शुक्रवारी सूर्य टेकला की सुया खाली. ओळीच्या मधे असो, टाक्याच्या मधे असो. शनिवारी सूर्य मावळेपर्यंत विणकाम नाही, चूल नाही, फोन नाही. फोन तर ती कपाटात बंद करून ठेवायची. एरवी मात्र ती सदासर्वदा विणायची. दर मंगळवारी भावाला भेटायला ती बसने जळगावला जाई. अंतर ती किलोमीटरमध्ये मोजत नसे. “पारोळ्याला बाही होते, एरंडोलला गळा धरायचा,” असं तिचं वेळापत्रक. एकदा पारोळ्याच्या अलीकडे बस रस्ता सोडून कपाशीत घुसली. चाळीस माणसं एका सुरात किंचाळली. अक्का म्हणाली, “ओरडू नका, टाके चुकतात.” ती चौऱ्याहत्तराव्या टाक्यावर होती. शंभर पुरे केले, सुईच्या टोकाला बूच लावलं, पिशवीत ठेवलं आणि मग उठून अकरा जणांना पट्ट्या बांधल्या. कंडक्टरने मला शपथेवर सांगितलं की बारावा जखमी तिच्या धाकाने आपोआप बरा झाला.

हा भाऊ म्हणजे बेंजामिन, अक्काचा बेनू. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त, बायको गेलेली, मुलं इस्राएलला. जळगावात रुळांच्या जवळ दोन खोल्यांत एकटा राहायचा, शेजारच्या पाटीलवहिनी डबा द्यायच्या. अक्काने त्याला धुळ्याला आणून पाहिलं होतं, पण गाड्यांचा आवाज नसला की त्याला झोप लागत नसे. इस्राएलहून भाचे दोघांनाही बोलवायचे. अक्का म्हणायची, “तिकडे सगळेच यहुदी. तिथे माझं काय काम?”

तर बेनूभाऊंची आठवण सांडायला लागली. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग नावं. एके दिवशी ते रेल्वेच्या यार्डात सापडले. पोलिसाने विचारलं, “बाबा, नाव काय?” बेनूभाऊ बराच वेळ विचार करून म्हणाले, “गाडी वेळेवर आहे.”

हे मला सांगताना अक्का हसली नाही. मी हसलो, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबलो.

“सुपडू,” ती म्हणाली, “दवाखान्यात एक म्हातारा आला होता. बेवारस. बोलू शकत नव्हता. गेला, तेव्हा पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी मी बांधली. ‘अनोळखी पुरुष.’ वाट पाहिली, कुणी आलं नाही, नेऊन जाळला. आणि नंतर मुलगा आला. शांतपणे म्हणाला, सिस्टर, आमच्यात पुरतात हो.”

तिने सुईवरचे टाके उगाच मोजले.

“आमच्यातही पुरतात. मातीचं मातीला द्यायचं. बेनू कुठे रस्त्यात पडला, तर त्याच्या अंगठ्याला काय लिहितील?”

त्याच दिवशी तिने स्वेटर विणायला घेतला. बेनूभाऊ गळ्यातलं लॉकेट काढून फेकायचे, खिशातल्या चिठ्ठीच्या होड्या करायचे. पण स्वेटर त्यांचा जीव की प्राण. धुळे-जळगावची थंडी, त्यात गार्डाची सवय, दिवाळीपासून होळीपर्यंत अंगातला स्वेटर निघायचा नाही. म्हणून जे सांगायचं ते स्वेटरच सांगेल.

निळा रंग निवडायला अक्काने तीन दिवस घेतले. मी दुकानातले सगळे निळे काढले. तेवीस होते, घाबरून आणखी दोन तयार झाले असतील. अक्का एकेक उजेडात धरायची. “हा शाळेच्या गणवेशाचा. हा रॉकेलच्या पिंपाचा. हा धोतराला जास्त झालेल्या निळीचा.” शेवटी पिशवीतून तिने वडिलांची प्रार्थनेची शाल काढली, तिच्या झालरीजवळची विटकी रेघ लोकरीवर ठेवली आणि सर्वांत खालच्या फळीवरचा, धूळ खात पडलेला, कुणीही कधी न मागितलेला निळा उचलला. “हा,” म्हणाली. मी तो परत पाठवणार होतो.

पांढऱ्या अंगावर निळा, सहा टोकांचा दाविदाचा तारा, यहुद्यांची खूण. छातीवर हिब्रू अक्षरांत एक शब्द, ‘शेमा’. म्हणजे ‘ऐक’. त्यांची सगळ्यात मोठी प्रार्थना या शब्दाने सुरू होते. जन्मल्यावर कानात, झोपताना ओठावर, मरताना शेवटी. आणि डाव्या बाहीच्या टोकाला तोच शब्द पुन्हा, पण उलट्या तोंडाने. “छातीवरचा जगासाठी,” अक्का म्हणाली, “बाहीवरचा त्याच्यासाठी. हात समोर धरला की वाचता येईल.” विणकामाची सुलट ओळ उजवीकडून डावीकडे जाते. हिब्रूही उजवीकडून डावीकडे. ती अक्षरं तिच्या सुईवरून अशी उतरायची, जणू त्यांना घरची वाट सापडली होती.

तीन महिने लागले. आणि त्या स्वेटरला मी लिननने टाचून ठेवलं होतं.

“लोकर आणि लिनन एका कपड्यात चालत नाही,” अक्का स्टुलावरून म्हणाली. “आमचा कायदा आहे.”

“का पण?”

“का ते लिहिलेलं नाही. प्रत्येक नियमाला कारण असतं तर तो धर्म कशाला, दवाखाना झाला असता.”

“मग दोरा काढून टाकतो ना, अक्का. आत्ता काढतो!”

“टाके किती घातलेस?”

“मोजले नाहीत.”

“मग किती काढले म्हणजे संपले, हे कसं कळायचं?” ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, शिकवताना बघतात तसं. “थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी मी कापसाचे बोळे मोजायचे. एक कमी भरला की डॉक्टर कितीही मोठा असो, पोट पुन्हा उघडायचं. न मोजलेला बोळा आत ठेवून मी कुणाला घरी पाठवलं नाही.”

तेव्हा मी ते बोललो, जे बोलायला नको होतं. म्हणालो, “अक्का, थंडी पडलीय, ते भटकायला लागलेत. तसाच घालू द्या. त्यांना कुठे कळणार आहे?”

“नाहीच कळणार,” अक्का म्हणाली. “म्हणून तर. ज्याला कळत नाही त्याच्या अंगावर चुकीचं घालायचं?”

आणि तिने गळ्याचा शेवटचा टाका तोडला, धागा ओढला.

लोकांनी मोठमोठी शौर्यं पाहिली असतील. मी शहात्तर वर्षांच्या बाईला तीन महिन्यांचं विणकाम एका दुपारी उसवताना पाहिलंय. मी दोन्ही हात पुढे करून उभा, माझ्या हातांवर लोकरीच्या लड्या चढतायत, तारा हळूहळू वितळतोय. मधे मधे माझा दोरा लागायचा. अक्का तो कात्रीने कापून बशीत टाकायची. उसवलेली लोकर कुरळी होते, ती सरळ करायला वाफ लागते. धुडकूने न विचारता चहाची किटली आणली आणि त्या दिवशी आग्रा रोडला चहा मिळाला नाही. कित्येक घरांत त्यामुळे भांडणं झाली.

किटली धरल्या धरल्या धुडकू म्हणाला, “अक्का, हाई छातीवर काय लिखेल व्हतं?”

“शेमा. ऐक.”

“कोनले वाचता येस हाई?”

अक्काचा हात थांबला.

“मला,” ती म्हणाली. “बेनूला, कधी कधी.”

“आन पोलिसले?”

रस्त्यावर एवढी वाहनं होती, ती मला वाटतं थांबली. धुळे-जळगाव मिळून लाखो माणसं, आणि ती अक्षरं वाचणारी दोन, त्यातला एक हरवणार होता! तीन महिने अक्काने जगाला पत्र लिहिलं होतं, आणि जगाला ती लिपीच येत नव्हती.

“कागद दे,” अक्का मला म्हणाली. “चौकटींचा.”

मग छातीवर आणि बाहीवर हिब्रू, पण पाठीवर मराठी. मजकूर करायला आम्ही तिघं बसलो. माझा मजकूर साडेतीनशे शब्दांचा होता आणि त्यात बेनूभाऊंच्या रेल्वेतल्या सेवेचा गौरव होता. अक्काने एवढंच ठेवलं:

मी बेंजामिन.
मी यहुदी.
मेलो तर जाळू नका, पुरा.
धुळ्याला बहीण आहे.

खाली फोनचे दहा आकडे.

मराठी विणणं म्हणजे उलटी गंगा. ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणून शेवटचं अक्षर आधी. स्वेटर खालून वर जातो, म्हणून शेवटचं वाक्य आधी. अक्षरांचे पाय आधी येतात, डोकी मागून, आणि शिरोरेघ पडेपर्यंत काय लिहिलंय ते विणणारीखेरीज कुणाला कळत नाही. आधी फोनचे आकडे आले, मग बहीण आली, मग माती आली, मग यहुदी आला, आणि अगदी शेवटी, खांद्यांच्या खाली, बेंजामिन. तीन महिन्यांचं काम तिने अकरा दिवसांत केलं. त्यात एक शब्बाथ, तिचा सुया खाली ठेवायचा शनिवार, आला. शुक्रवारी सूर्य टेकला तेव्हा ‘पुरा’ची शिरोरेघ अर्धी पडली होती. मी म्हणालो, “अक्का, चारच टाके!” तिने सुया खाली ठेवल्या. ते चार टाके पूर्ण एक दिवस उघडे राहिले. मी मधे दोनदा जाऊन बघून आलो. कुठेही गेले नव्हते.

बटणं तिने स्वतः शिवली. लोकरीने.

पौषातल्या एका शनिवारी सकाळी दुकानात माझा फोन वाजला.

“हॅलो! धुळानी बहीण का?” एक म्हातारा माझ्या कानात ओरडला.

“बहीण नाही. लोकरीचं दुकान.”

“दुकान ऱ्हावो नाहीतर बहीण ऱ्हावो! तुमना मानूस आठे सोनगीरले शे, किल्लाना पायथाले. दोन भाकरी खादी, वांगानं भरीत खादं, मस्त बठेल शे. पन हाई पाठवर काय लिखेल शे? जाळू नका? आम्ही काय जित्ता मानूसले जाळतस का? बठ्ठं गाव जमा व्हयेल शे, बठ्ठासले राग येल शे!”

बेनूभाऊ बहिणीकडे यायला जळगावहून निघाले होते. धुळ्याला बरोबर उतरले आणि स्टँडवर समोर उभ्या दुसऱ्या बसमध्ये चढले.

पण फोन माझ्याकडे कसा? अक्काच्या गल्लीत पळता पळता माझ्या डोक्यात उजेड पडला. ते दहा आकडे अकरा दिवस माझ्यासमोर विणले जात होते, आणि मी ओळखले नाहीत, कारण स्वतःचा नंबर माणसाला कधीच पाठ नसतो. शनिवारी अक्काचा फोन कपाटात असतो. तिने माझा विणला होता. मला न विचारता.

मी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत गेलो. “अक्का! सोनगीरला! जिवंत! भरीत खाल्लं!” खिडक्या उघडल्या, कुत्री उठली. अक्का दारात आली, पायांत चपला घातलेल्याच.

“शनिवार आहे, अक्का,” मी धापा टाकत म्हणालो. “गाडीवर चालेल?”

“जीव असेल तिथे शनिवार मोडतो. दवाखान्यात काय दर शनिवारी मी घरी बसत होते?” तिने चौकटीला बोटं लावली, ओठांना लावली आणि माझ्या मोटारसायकलवर बसली. “हळू चालव. बढाया मारत चालवू नकोस.”

सोनगीरला खरंच सगळं गाव जमलं होतं. बेनूभाऊ एका बाजेवर बसले होते, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ढिगाशेजारी, पांढरा-निळा स्वेटर घालून, गावच्या नवरदेवासारखे. अक्काने त्यांना मिठी वगैरे मारली नाही. आधी नाडी पाहिली. मग समोर बसली.

“बेनू, तू कोण?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं काही शोधत राहिले. सापडलं नाही. “गाडी…” एवढंच म्हणाले.

अक्काने त्यांची डावी बाही धरून वर उचलली, त्यांच्या डोळ्यांसमोर. बेनूभाऊंचं बोट त्या निळ्या अक्षरांवर टेकलं. उजवीकडून डावीकडे गेलं. पुन्हा गेलं. मग त्यांनी उजव्या हाताने डोळे झाकले आणि मोठ्या, स्वच्छ, गार्डाच्या आवाजात ती प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. एक शब्द अडखळला नाही. आपलं नाव विसरलेला माणूस ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाला. गावातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. सोनगीरचा किल्ला त्या वेळी दोन हात खाली वाकला असं मी सांगत आलोय, आणि हे मी मागे घेणार नाही.

“डोया झाकीसन रडस का तो?” एका आजीने हळूच विचारलं.

“नाही,” अक्का म्हणाली. “हजेरी देतोय.”

निघताना फोन करणारे आबा पुढे आले. राग अजून उतरला नव्हता. “अक्का, बठ्ठं बरं शे. पन ते ‘जाळू नका’ तेवढं काढी टाका. गावना अपमान शे.”

“आबा, ते तुमच्यासाठी नाही लिहिलेलं.”

“मंग कोनसाठे?”

“माझ्यासाठी,” अक्का म्हणाली. आबांना ते समजलं नाही. मला तिने बांधलेली ती चिठ्ठी आठवली आणि मी गाडीला उगाच दोन किका जास्त मारल्या.

बेनूभाऊ पुढच्या वैशाखात गेले. घरात, पलंगावर, बहिणीचा हात हातात आणि बाहेरून गाडी जात असताना. त्यांना मातीच मिळाली. मुंबईहून त्यांचे लोक आले, सगळं रीतीने झालं. त्यांच्यात साधं पांढरं कापड गुंडाळतात, दुसरं काही बरोबर देत नाहीत. म्हणून स्वेटर मागे राहिला.

आता अक्काही नाही. तिच्या वेळी दवाखान्यात एक नवा कारकून कागद भरत होता. भला मुलगा. धर्माच्या रकान्याशी थांबला आणि म्हणाला, “एस्तेर… म्हणजे ख्रिश्चनच ना?” पुढचं मी इथे लिहीत नाही. तीन मजल्यांवर ऐकू गेलं एवढं पुरे. रशीदमामू आणि धुडकू माझ्यामागे उभे होते, आणि तेही गप्प नव्हते. मुंबईची माणसं येईपर्यंत आम्ही तिघं तिच्यापासून हललो नाही. तिला माती मिळाली.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहते ती त्याआधीची अक्का. बेनूभाऊंना जाऊन महिना झाला असेल. ती दुकानात आली, चौकटीवरच्या त्या गुळगुळीत जागेला बोटं लावली आणि पिशवीतून स्वेटर काढला. समोरचा भाग तिने उसवून आधीच वेगळा केला होता. ताऱ्याचा आणि शब्दाचा. तो घडी करून परत पिशवीत ठेवला. पाठ मात्र माझ्या हातावर दिली. “धर,” म्हणाली. “दवाखान्यात सात बाळं आहेत. टोप्या होतील.”

मी हात पुढे केले. तिने धागा ओढला. विणलं होतं त्याच्या उलट, वरून खाली. आधी बेंजामिन गेला. मग यहुदी गेला. मग माती. बहीण सगळ्यात शेवटपर्यंत राहिली, खाली माझा नंबर घेऊन. मग तीही माझ्या हातावर लोकर होऊन चढली.

मला राहवलं नाही. म्हणालो, “अक्का, एक तुमच्यासाठी पण विणा. तुमचं कोण सांगणार?”

ती टोपीचे टाके घालत होती. ओळ पुरी केली, सुई फिरवली.

“मला कशाला? तू आहेस ना ओरडायला.”